आठ खुर्च्यांची निवडणूक

भारताचा राष्ट्रपती कसा निवडायचा याबद्दल राज्यघटनेत आणि तिच्याखालच्या नियमांत भरपूर लिहिलेलं आहे. मत कोणी द्यायचं, कोणाच्या मताचं मूल्य किती, मतपत्रिकेवर पसंतीक्रम कसा मांडायचा, निकालाला आव्हान कुठे द्यायचं, सगळं कलमवार सापडतं. पण उमेदवार कुठून येतो? त्याबद्दल घटना गप्प आहे. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट जोडलं जाईपर्यंत घटनेत राजकीय पक्षांची दखलच नव्हती. त्यामुळे राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरवणं हे भारतातल्या मोठ्या राजकीय निर्णयांपैकी सर्वांत कमी नियम असलेलं काम राहिलं. ते होतं बंद खोलीत. आत मोजकी माणसं असतात, बैठकीचं इतिवृत्त बाहेर येत नाही, आणि संध्याकाळी पक्षाध्यक्ष बाहेर येऊन एक नाव जाहीर करतो. त्यानंतर महिन्याभरानं होणारं मतदान बहुतेक वेळा त्या नावावर शिक्का मारण्यापुरतं उरतं.

आजवर एकदाच तो शिक्का बसला नाही. सत्ताधारी पक्षाच्या खोलीत ठरलेला अधिकृत उमेदवार पडला आणि बाहेरचा माणूस राष्ट्रपती झाला. ती खोली दिल्लीत नव्हती, म्हैसूर राज्याच्या राजधानीत, बंगळुरात होती. आज म्हैसूर म्हटलं की दसरा, चामुंडी टेकडी आणि राजवाडा एवढंच डोळ्यांपुढे येतं. १ नोव्हेंबर १९७३ पर्यंत मात्र ते आजच्या अख्ख्या कर्नाटकाचं नाव होतं, आणि या कथेतली बरीच माणसं त्या राज्याच्या राजकारणातून आलेली आहेत. काही आपल्याकडचीही आहेत: यशवंतराव चव्हाण, स. का. पाटील, चिंतामणराव देशमुख.

म्हैसूरचा राष्ट्रपतिपदाशी संबंध त्याच्याही आधीचा. सर्वपल्ली राधाकृष्णन १९१८ ते १९२१ म्हैसूर विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. कलकत्त्याला जायला निघाले तेव्हा विद्यार्थ्यांनी गाडीचे घोडे सोडले आणि स्वतः गाडी ओढत त्यांना स्टेशनावर पोचवलं, ही हकिगत तिथे अजून सांगतात. राज्यपुनर्रचनेनंतर म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार हेच राज्याचे पहिले राज्यपाल झाले आणि १९६४ पर्यंत त्या पदावर राहिले. वर्षभरानं त्याच खुर्चीत वराहगिरी वेंकटगिरी नावाचे एक जुने कामगार पुढारी येऊन बसले. महाराज आणि गिरी यांची गाठ पुढे आणखी एका कागदावर पडणार होती.

काँग्रेसमध्ये राष्ट्रपतीचं नाव ठरवण्याची रीत पहिल्या दोन दशकांत फारशी गुंतागुंतीची नव्हती. पंतप्रधानाची एक इच्छा असायची, संघटनेची दुसरी, आणि दोन्ही बाजूंचं बोलणं होऊन एक नाव पुढे यायचं. नेहमी पंतप्रधानाचंच यायचं असं मात्र नाही. १९५० मध्ये नेहरूंच्या मनात राजगोपालाचारी होते. पटेल आणि पक्षातला मोठा गट राजेंद्र प्रसादांच्या बाजूचा होता, आणि राजेंद्रबाबू झाले. १९५७ मध्ये नेहरूंना राधाकृष्णन हवे होते; राजेंद्रबाबूंनाच दुसऱ्यांदा संधी मिळाली. स्वातंत्र्याच्या लढ्यातून आलेल्या, जनमानसात अढळ असलेल्या नेहरूंनाही या एका बाबतीत दोनदा माघार घ्यावी लागली, हे आज वाचताना नवल वाटतं. १९६२ मध्ये राधाकृष्णन झाले. १९६७ मध्ये कामराज त्यांनाच पुन्हा उभं करावं अशा मताचे होते, पण इंदिरा गांधींनी झाकिर हुसेन यांचं नाव लावून धरलं. विरोधकांनी सरन्यायाधीशपद सोडून आलेल्या के. सुब्बा राव यांना उभं केलं. हुसेन यांना ४ लाख ७१ हजार २४४ आणि सुब्बा राव यांना ३ लाख ६३ हजार ९७१ मतमूल्य मिळालं. तोवर इतकी चुरस कधी झाली नव्हती.

३ मे १९६९ रोजी झाकिर हुसेन गेले. पदावर असताना मृत्यू आलेले ते पहिले राष्ट्रपती. उपराष्ट्रपती होते गिरी. ते हंगामी राष्ट्रपती झाले. तोवर राधाकृष्णन आणि हुसेन हे दोन उपराष्ट्रपती वरच्या पदावर गेले होते, त्यामुळे आता आपलीच पाळी आहे असं गिरींना वाटत असेल तर त्यात गैर काही नव्हतं. पण काँग्रेस तेव्हा आतून दुभंगलेली होती. एका बाजूला इंदिरा गांधी. दुसऱ्या बाजूला ‘सिंडिकेट’ म्हणून ओळखली जाणारी जुन्या प्रांतिक पुढाऱ्यांची मंडळी. तमिळनाडूचे कामराज, बंगालचे अतुल्य घोष, मुंबईचे स. का. पाटील, आंध्रचे नीलम संजीव रेड्डी आणि म्हैसूरचे एस. निजलिंगप्पा. निजलिंगप्पा दोन वेळा म्हैसूरचे मुख्यमंत्री होते आणि १९६८ पासून काँग्रेसचे अध्यक्ष. लालबहादूर शास्त्रींच्या मृत्यूनंतर याच मंडळींनी इंदिराबाईंना पंतप्रधान केलं होतं, या समजुतीनं की बाई आपल्या ऐकण्यात राहतील.

१९६९ च्या जुलैत काँग्रेस महासमितीचं अधिवेशन बंगळुरात, लालबागेतल्या ग्लास हाऊसमध्ये भरलं. निजलिंगप्पांचं हे घरचं मैदान. राज्यात त्यांच्याच मर्जीतले वीरेंद्र पाटील मुख्यमंत्री होते. इंदिराबाई एक दिवस उशिरा आल्या, पण आपल्या आधी त्यांनी एक टिपण पाठवलं. घाईत सुचलेले काही विचार असं त्याचं वरकरणी रूप; आत मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणासह अनेक विषय होते. अर्थमंत्री मोरारजी देसाई बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या विरोधात होते. धोरणावर उघड भांडण करायला सिंडिकेट तयार नव्हती. टिपणातल्या बहुतेक गोष्टी ठरावात घेतल्या गेल्या. सिंडिकेटनं आपली ताकद दुसऱ्या ठिकाणी राखून ठेवली होती, उमेदवाराच्या निवडीसाठी.

हे काम पक्षाच्या संसदीय मंडळाचं. मंडळात आठ माणसं: अध्यक्ष निजलिंगप्पा, इंदिरा गांधी, मोरारजी देसाई, यशवंतराव चव्हाण, जगजीवनराम, फखरुद्दीन अली अहमद, कामराज आणि स. का. पाटील. १२ जुलैला बैठक झाली. सिंडिकेटचा उमेदवार ठरलेला होता: लोकसभेचे सभापती संजीव रेड्डी. इंदिराबाईंनी जगजीवनराम यांचं नाव मांडलं. ते गांधी जन्मशताब्दीचं वर्ष होतं, आणि दलित समाजातला माणूस राष्ट्रपतिपदी बसवण्याचा युक्तिवाद खोडून काढणं कुणालाच सोपं नव्हतं. पण सिंडिकेटला युक्तिवाद नको होता, मोजणी हवी होती. मतं पडली चार विरुद्ध दोन. रेड्डींच्या बाजूनं कामराज, स. का. पाटील, मोरारजी आणि यशवंतराव चव्हाण. दुसऱ्या बाजूला इंदिराबाई आणि फखरुद्दीन. बाकीच्या दोघांचं मत या मोजणीत नाही.

चव्हाणांचं मत इंदिराबाईंना अपेक्षित होतं, असं त्या काळच्या वृत्तान्तांत वारंवार येतं. महाराष्ट्रात तर यशवंतरावांच्या राजकीय जीवनातला हा कायमचा वादाचा मुद्दा झाला. मला स्वतःला या मताचं वजन जरा फुगवलेलं वाटतं. ते इंदिराबाईंकडे गेलं असतं तरी तीन विरुद्ध तीन झालं असतं, आणि मग निर्णय अध्यक्षस्थानी बसलेल्या निजलिंगप्पांच्या हातात गेला असता. निकाल तोच लागला असता. चव्हाणांच्या मताचा परिणाम खोलीच्या आत नव्हे, बाहेर झाला: पंतप्रधानांचा गृहमंत्रीही त्यांच्याबरोबर नाही हे देशाला दिसलं. आणि गंमत अशी की चारच महिन्यांनी पक्ष फुटला तेव्हा चव्हाण इंदिराबाईंबरोबरच राहिले, आणि १९७० मध्ये त्यांचे अर्थमंत्रीही झाले.

स. का. पाटलांबद्दलही एक वाक्य लिहायला हवं. मुंबईचे हे अनभिषिक्त राजे १९६७ मध्ये दक्षिण मुंबईतून जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडून पडले होते. फर्नांडिस मूळचे मंगळूरचे, म्हणजे म्हैसूर राज्यातलेच. मतदारांनी घरी पाठवलेला पुढारी पोटनिवडणुकीतून परत आला आणि देशाचा राष्ट्रपती कोण हे ठरवणाऱ्या आठांत बसला. बंद खोलीचा हा गुण म्हणा किंवा दोष: तिथे जागा मिळायला लोकांमधली पत लागतेच असं नाही.

बंगळूरहून परतल्यावर आठवड्याभरात घटना धडाधड घडत गेल्या. १६ जुलैला इंदिराबाईंनी मोरारजींकडून अर्थखातं काढून घेतलं. १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला. त्यावर सही होती हंगामी राष्ट्रपती गिरी यांची. २० जुलैला गिरींनी राजीनामा दिला आणि अपक्ष म्हणून उभे राहिले. राष्ट्रपती नाही, उपराष्ट्रपतीही नाही, अशा वेळी काय करायचं याचा कायदा सुदैवानं मे महिन्यातच झाला होता. त्यानुसार सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी महिनाभर राष्ट्रपतीचं काम पाहिलं.

तिसरा उमेदवार आपल्या रायगड जिल्ह्यातला, महाडजवळच्या नाते गावचा. चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडणारे बाणेदार गृहस्थ. त्यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघानं उभं केलं. स्वतंत्र पक्ष हा राष्ट्रीयीकरणाचा कट्टर विरोधक. आणि १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा अर्थमंत्री होते हेच देशमुख. इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली तीही त्यांच्याच काळात. राष्ट्रपतिपदाचा उमेदवार निवडताना त्याची मतं किती कमी पाहिली जातात आणि प्रतिमा किती, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

इंदिराबाईंनी पक्षाचा निर्णय मान्य असल्यासारखं दाखवत रेड्डींच्या अर्जावर सही केली. त्या तिथेच थांबल्या असत्या तर रेड्डी निवडून आले असते. चूक केली निजलिंगप्पांनी. देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्या मतदारांनी दुसरी रेड्डींना द्यावी, म्हणून ते जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलले. मतमोजणीच्या दृष्टीनं हे अगदी शहाणपणाचं होतं. राजकारणाच्या दृष्टीनं आत्मघात. काँग्रेसचा अध्यक्ष उजव्या पक्षांशी हातमिळवणी करतो, असा गिल्ला इंदिराबाईंच्या गोटानं केला. जगजीवनराम आणि फखरुद्दीन यांनी निजलिंगप्पांना पत्र लिहून जाब विचारला. संसदीय पक्षाच्या नेत्या म्हणून रेड्डींसाठी आदेश काढायला इंदिराबाईंनी नकार दिला आणि आमदार-खासदारांनी सद्सद्विवेकबुद्धीनं मत द्यावं असं सांगितलं. ‘अंतरात्म्याचा आवाज’ हा शब्दप्रयोग भारतीय राजकारणात तेव्हापासून रुळला. आजही बंडखोरी करणाऱ्या आमदाराला आधी तोच आवाज ऐकू येतो.

१६ ऑगस्टला मतदान झालं, २० तारखेला मोजणी. उमेदवार पंधरा, पण लढत तिघांतच. जिंकायला हवं होतं ४ लाख १८ हजार १६९ मतमूल्य. पहिल्या पसंतीत गिरींना ४ लाख १ हजार ५१५, रेड्डींना ३ लाख १३ हजार ५४८ आणि देशमुखांना १ लाख १२ हजार ७६९. कोणीच कोटा गाठला नाही. मग तळाचे उमेदवार एकेक करून बाद होत गेले आणि शेवटी देशमुखांच्या मतपत्रिका उघडून दुसरी पसंती पाहिली गेली. निजलिंगप्पांची खटपट वाया गेली नव्हती. रेड्डींच्या पदरात जवळपास ९२ हजारांची भर पडली. गिरींच्या वाट्याला सगळी मिळून साडेअठरा हजार आली. पण त्यांना हवी होती साडेसोळा हजारांच्या वर काहीशी. शेवटचा आकडा: गिरी ४ लाख २० हजार ७७, रेड्डी ४ लाख ५ हजार ४२७. राष्ट्रपतीची निवड दुसऱ्या पसंतीच्या मतांवर ठरल्याचा हा एकमेव प्रसंग. बंगळुरातल्या चार विरुद्ध दोन या निकालाला देशभरच्या आमदार-खासदारांनी उलटं फिरवलं होतं.

पुढचं थोडक्यात. १२ नोव्हेंबरला निजलिंगप्पांच्या काँग्रेसनं पंतप्रधानाला पक्षातून काढलं, पक्ष फुटला. म्हैसूर सरकार वीरेंद्र पाटलांसह निजलिंगप्पांच्या बाजूला राहिलं. इंदिराबाईंची बाजू राज्यात उभी केली देवराज अर्स यांनी. ते म्हैसूर जिल्ह्यातल्या हुणसूर भागातले. १९७२ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्याच काळात राज्याचं नाव कर्नाटक झालं. गिरींच्या निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, आणि राष्ट्रपतिपदावर असताना गिरींनी न्यायालयात जाऊन साक्ष दिली. अर्ज फेटाळला गेला.

उमेदवार कोण, याला खरंच महत्त्व असतं का? राष्ट्रपती शेवटी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतो, मग एवढी मारामारी कशाला, असं अनेकजण म्हणतात. त्यांनी १९७० चा सप्टेंबर आठवावा. संस्थानिकांचे तनखे रद्द करणारी घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली, पण ५ सप्टेंबरला राज्यसभेत दोन-तृतीयांश बहुमताला अगदी थोडक्यात मुकली. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपती गिरींच्या आदेशानं सगळ्या संस्थानिकांची मान्यताच काढून घेण्यात आली. त्यांत म्हैसूरचे जयचामराजेंद्र वडियार होते, ज्यांचा वर्षाला २६ लाखांचा तनखा देशातल्या सर्वांत मोठ्या तनख्यांत मोडत होता. ज्या खुर्चीत महाराज बसले तिथेच राज्यपाल म्हणून बसलेल्या माणसानं त्यांचं राजेपण काढणाऱ्या कागदावर सही केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द ठरवला. अखेर १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं तनखे गेले. संजीव रेड्डींनी ६ सप्टेंबरला सही केली असती का? सिंडिकेटला भीती वाटत होती ती नेमकी या प्रश्नाची, आणि इंदिराबाईंना आशाही याच प्रश्नाची होती. सहीसाठी आलेला कागद काही दिवस टेबलावर ठेवणारा राष्ट्रपती आणि तत्काळ सही करणारा राष्ट्रपती, दोघांतला फरक एखाद्या सरकारच्या जिवावर बेतू शकतो.

याची चुणूक १९७७ मध्ये दिसली. फखरुद्दीन अली अहमद, म्हणजे बंगळुरातल्या त्या दोन मतांपैकी एक, १९७४ मध्ये राष्ट्रपती झाले आणि ११ फेब्रुवारी १९७७ ला पदावरच वारले. हंगामी राष्ट्रपती झाले बी. डी. जत्ती. जमखंडीजवळच्या सावळगीचे, कायद्याचं शिक्षण कोल्हापुरात, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात मंत्री, मग मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या हाताखाली काम, आणि १९५८ ते १९६२ म्हैसूरचे मुख्यमंत्री. नव्या जनता सरकारनं नऊ राज्यांच्या काँग्रेसी विधानसभा बरखास्त करायचा सल्ला दिला तेव्हा जत्तींनी लगेच सही केली नाही. एका दिवसाचा तो विलंब, पण दिल्लीत खळबळ उडाली. मग जनता पक्षाला आपला माणूस राष्ट्रपतिपदी हवा होता. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी आधी भरतनाट्यमच्या थोर कलावंत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना विचारलं. त्यांनी नकार दिला. मग नाव आलं तेच, आठ वर्षांपूर्वी मोरारजींनी बंगळुरात ज्यांना मत दिलं होतं ते. त्या वर्षी ३७ अर्ज आले, ३६ बाद झाले. संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले आणि २५ जुलै १९७७ ला शपथ घेतली. आजही राष्ट्रपतींचा शपथविधी २५ जुलैलाच होतो तो तेव्हापासून.

१९६९ मधून पक्षांनी काय शिकावं? याचं एक उत्तर आदल्याच वर्षी अमेरिकेत मिळालं होतं. १९६८ मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढवली नव्हती, तरी प्रांतोप्रांतीच्या पुढाऱ्यांच्या जोरावर उमेदवारी त्यांना मिळाली. बाहेर रस्त्यावर निदर्शकांना पोलिस झोडपत होते. हम्फ्री निक्सनकडून हरले. पक्षानं मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला, नियम बदलले, आणि १९७२ पासून उमेदवार ठरवण्याचा अधिकार मोठ्या प्रमाणात प्राथमिक निवडणुकांतल्या सामान्य मतदारांकडे गेला. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष राज्य चालवतो, आपला राष्ट्रपती चालवत नाही. त्यामुळे तिथली पद्धत इथे जशीच्या तशी आणा असं कोणी म्हणणार नाही. पण दिशा पाहण्यासारखी आहे. खोलीतला निर्णय अंगाशी आल्यावर त्यांनी दार उघडलं. आपण कडी घातली.

एक कडी कायद्यानं घातली. जुन्या कायद्याखाली कोणीही दोन मतदारांच्या सह्यांवर उभा राहू शकत असे; १९६७ मध्ये १७ जण उभे होते आणि त्यांतल्या नऊजणांना एकही मत मिळालं नाही. हौशी उमेदवार थांबवायचे म्हणून १९७४ मध्ये दहा सूचक आणि दहा अनुमोदक लागू लागले. १९९७ मध्ये ती संख्या पन्नास-पन्नास झाली आणि अनामत १५ हजार रुपये. म्हणजे शंभर आमदार-खासदारांना आधी उघडपणे सही करावी लागते, तेव्हा कुठे गुप्त मतदानाची वेळ येते. हौशी गेले खरे, पण गिरींसारखा माणूसही यानंतर उभा राहणं कठीण झालं.

दुसरी कडी पक्षांनी स्वतः घातली. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पक्षादेश काढता येत नाही, मतदान गुप्त असतं, पक्षांतरबंदी लागू होत नाही. हे सगळं आजही तसंच आहे. म्हणून धोका टाळायचा तर खोलीत मतदानाची वेळच येऊ द्यायची नाही. संसदीय मंडळ बसतं, चर्चा होते, नाव एकमतानं ठरतं, किंवा ठरवण्याचा अधिकार एकमतानं एका नेत्याकडे सोपवला जातो. चार विरुद्ध दोन असा आकडा १९६९ नंतर कोणत्याही मोठ्या पक्षाच्या खोलीतून बाहेर आलेला नाही. आठ खुर्च्या तशाच आहेत, पण बोलणारी खुर्ची एकच.

आघाड्यांच्या काळात मात्र या कामाला एक वेगळीच कला जोडली गेली, आणि ती समजून घेणं मोठं रंजक आहे. आपली मतं पुरत नसतील तर असा उमेदवार शोधायचा, ज्याला समोरच्या आघाडीतला कोणीतरी नाही म्हणूच शकणार नाही. २००७ मध्ये काँग्रेस आघाडीत शिवराज पाटील यांच्या नावाची चर्चा होती. डाव्या पक्षांना ते पसंत नव्हते. १४ जूनला प्रतिभा पाटील यांचं नाव जाहीर झालं. पहिली महिला राष्ट्रपती हा एक भाग, आणि जळगावच्या मराठी बाई हा दुसरा. समोर भैरोसिंह शेखावत, भाजपचे ज्येष्ठ नेते. शिवसेना भाजपच्या आघाडीत होती, पण मराठी राष्ट्रपतीच्या विरोधात मत कसं द्यायचं? बाळासाहेब ठाकरेंनी प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. निकाल ६ लाख ३८ हजार ११६ विरुद्ध ३ लाख ३१ हजार ३०६.

२०१२ मध्ये प्रणब मुखर्जींच्या बाबतीत शिवसेना आणि संयुक्त जनता दल हे दोघेही भाजपच्या आघाडीतले पक्ष काँग्रेसच्या उमेदवारामागे गेले. २०१७ मध्ये भाजपनं बिहारचे राज्यपाल रामनाथ कोविंद यांना उभं केलं, आणि तेव्हा विरोधी आघाडीत असलेल्या नितीशकुमारांनी त्यांना पाठिंबा दिला. महिन्याभरात ते त्या आघाडीतूनच बाहेर पडले. २००२ मध्ये याच खेळीचा फार देखणा डाव झाला. महाराष्ट्राचे राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांचं नाव मागे पडल्यावर अब्दुल कलाम पुढे आले आणि समाजवादी पक्षापासून काँग्रेसपर्यंत सगळ्यांची पंचाईत झाली. उरले फक्त डावे. त्यांनी कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना लढवलं.

विरोधी बाजूचं काम याच्या उलट आणि बहुधा केविलवाणं असतं. हरण्यासाठी उमेदवार शोधायचा. २०२२ मध्ये शरद पवार, फारुख अब्दुल्ला आणि गोपालकृष्ण गांधी अशा तिघांनी एकामागून एक नकार दिल्यावर यशवंत सिन्हा यांचं नाव ठरलं. त्याच दिवशी, २१ जूनच्या संध्याकाळी, भाजपच्या संसदीय मंडळाच्या बैठकीनंतर जे. पी. नड्डा यांनी द्रौपदी मुर्मू यांचं नाव जाहीर केलं. सुमारे वीस नावांचा विचार झाला असं सांगण्यात आलं. ती वीस कोणती, ते सांगितलं गेलं नाही. नाव मात्र अचूक होतं. ओडिशाच्या असल्यामुळे नवीन पटनाईकांचा पक्ष आला, आदिवासी असल्यामुळे झारखंड मुक्ती मोर्चा आला. महाराष्ट्रात नुकतीच सत्ता गमावलेल्या उद्धव ठाकरेंनी पाठिंबा दिला, आणि जुन्या म्हैसूर भागात ज्यांचा बालेकिल्ला आहे त्या देवेगौडांच्या धर्मनिरपेक्ष जनता दलानंही. मुर्मूंना ६ लाख ७६ हजार ८०३ आणि सिन्हांना ३ लाख ८० हजार १७७ मतमूल्य मिळालं. जुलैत शपथ झाली आणि २६ सप्टेंबरला म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवर त्यांनी दसरा महोत्सवाचं उद्घाटन केलं. म्हैसूर दसऱ्याचं उद्घाटन करणाऱ्या त्या पहिल्या राष्ट्रपती.

या पद्धतीचं फळ नेहमी वाईटच निघालं असं म्हणता येणार नाही. तिच्यातून कलाम आले, के. आर. नारायणन आले, पहिली महिला आणि पहिली आदिवासी राष्ट्रपती आली. १९६९ मध्ये जगजीवनराम यांना चार मतांनी नाकारणारी खोली आज तसं उघडपणे करू धजणार नाही, हा बदल लहान नाही. माझी तक्रार निवडीबद्दल नाही, न सांगण्याबद्दल आहे. बंगळुरातल्या आठजणांत कोणी कोणाला मत दिलं हे आपल्याला माहीत आहे, म्हणून त्यांना जाब विचारता आला, त्यांचं चुकलं की बरोबर होतं यावर अजून वाद घालता येतो. त्यानंतरच्या एकाही खोलीबद्दल आपल्याला तेवढं माहीत नाही.

पुढची निवडणूक २०२७ च्या जुलैत येईल. महाराष्ट्रातल्या प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे, कर्नाटकातल्या आमदाराचं १३१, गोव्यातल्याचं २०. १९७१ च्या लोकसंख्येवर बेतलेले हे आकडे वृत्तपत्रांत पुन्हा छापून येतील. २०२४ मध्ये म्हैसूरमधून लोकसभेवर गेलेले वडियार घराण्याचे यदुवीर यांनाही खासदार म्हणून मत असेल. वाचकहो, ते आकडे जरूर वाचा, पण त्याआधी जूनमधल्या बातम्या नीट पाहा: बैठकीला कोण होतं, नाव कोणी सुचवलं, कोणत्या मित्रपक्षाला आधी कळवलं आणि कोणाला टीव्हीवरून समजलं. आणि तुमचा आमदार मतांसाठी दारात आला तर त्याला विचारा, या नावाबद्दल तुम्हाला कोणी विचारलं होतं का?